पाटापुरती जागा

…न्हाई मुजाहिदभाई, नवस घराचा नव्हताच. सगळ्यांना तसंच वाटतं, आमच्या ह्यांना बी — की वंदनानं राजूरच्या गणपतीला घर मागितलं, गणपतीनं जालन्यात दोन खोल्या दिल्या, म्हणून ती अंगारकीला अनवाणी चालत जाते. घर कोण मागतंय. मी चूल मागितली होती. तेव्हा आम्ही आष्टीला होतो, एकत्रात. देवळात ही गर्दी, मागची बाई मला ढकलून राह्यली होती, अन् मी डोळे मिटून म्हणले — बाप्पा, मला माझी एकटीची चूल दे. लहान दे, कोपऱ्यातली दे, पण माझी दे. मी जिथं असेन तिथून अंगारकीला पायी येईन. अन् माझ्या चुलीपाशी बसलेल्या माणसाला मी कधी ऊठ म्हणणार न्हाई. बस, एवढाच नवस. त्यातलं चालायचं तेवढं लोकांना ठाऊक आहे. दुसरं मी कोणाला सांगितलेलं न्हाई, आज तुम्हाला सांगून राह्यले, अन् ते बी तुम्ही विचारलं म्हणून — नवसाचं किचन आहे म्हणता ताई, मंग काढता कशाला. बराबर आहे तुमचं. माणूस विचारणारच. गेल्या वर्षी तुम्हीच हे उभं केलं, सनमायक्याचा वास अजून गेला न्हाई, अन् आज मीच म्हणते काढा.

पण हात चालू ठेवा, बोलणं काय, होतच राहील. पिशवी ठेवा सोफ्यावर — ठेवा हो, सोफा काय देवाचा आहे का. हा कोपरा बघा. हे उंच कपाट, त्याच्या खालच्या ट्रॉल्या, अन् पुढं आलेला हा देवाचा चौथरा, हे सगळं काढायचं. भिंत उघडी पडली पाहिजे अन् खाली फरशी दिसली पाहिजे. का म्हणजे — झुरळं झालीत. आत्ता न्हाई दिसणार तुम्हाला, दिवसाची लपत्यात. वास बी न्हाई म्हणता? मी फिनाइलनं पुसते रोज, वास कुठून येणार. बरं, झुरळं सोडा. मागून ओल येऊन राह्यली. हात लावून बघता? बघा. — कोरडी आहे ना. असंल कोरडी, पाऊस कुठं आहे सध्या. मंग वास्तूचं धरा. कोणीतरी म्हणलं, ह्या कोपऱ्यात वजन नको. कोण म्हणलं? आता कोण म्हणजे… मुजाहिदभाई, तुम्ही वकील व्हायचं सोडून सुतार कशाला झालात. कोणी म्हणलं न्हाई. मीच म्हणून राह्यले. मला संध्याकाळच्या गाडीच्या आत हा कोपरा मोकळा पाहिजे. हे गेलेत स्टँडवर. आष्टीची गाडी यायची आहे, तिच्यात आमच्या मोठ्या जाऊबाई आहेत, नंदाबाई — मी आक्का म्हणते त्यांना — अन् त्यांच्यासोबत आमचे थोरले भाऊजी. आक्कांचा डोळा बिघडलाय. इथल्या दवाखान्यात रोज नेऊन दाखवायचा आहे, किती दिवस ते डॉक्टरांनाच ठाऊक. त्यांना इथं बसायला जागा पाहिजे. — सोफा आहे की, म्हणता. हो. सोफा आहे. सगळे तसंच म्हणतात.

थांबा, आधी डबे उतरवू द्या, न्हाईतर ट्रॉली ओढताच सगळं अंगावर येईल. मी देते, तुम्ही दिवाणावर ओळीनं ठेवा. हा शेंगदाण्याचा. हा तिळाचा. हे जवस, हे कारळं, ही आमच्या आष्टीच्या शेतातली तुरीची डाळ — झाकण घट्ट आहे, आडवं झालं तरी सांडत न्हाई. सगळे डबे एका मापाचे, आरपार दिसणारे. जुन्या जालन्यात भांड्यांच्या गल्लीत सगळी दुकानं फिरले ह्यांच्यासाठी, दुकानदार म्हणला ताई, असे एकसारखे कोणी नेत न्हाई, लोक घरातलं आहे त्याच्यात भागवतात. मी न्हाई भागवलं. मला एकसारखे पाहिजे होते. सकाळी दिवा लावून झाला की मी इथं नुसती उभी राहायचे अन् बघायचे. खोटं कशाला बोलू, देवाकडं कमी अन् डब्यांकडं जास्त बघायचे. समोरच्या प्रियदर्शनीनं मोबाइलवर व्हिडिओ केला — छोट्या किचनमध्ये एवढं सामान कसं बसवावं म्हणून — कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी बघितला म्हणे. संक्रांतीला हळदीकुंकवाला कॉलनीतल्या आल्या, त्यांना किचन बघायचं होतं. एकावेळी एकच बाई मावते. म्हणून मी म्हणले, एकेकीनं आत या गं. त्या उंबऱ्याबाहेर रांगेनं उभ्या, जशा देवळात राहतात तशा, अन् मी आतून ट्रॉली उघडून दाखवून राह्यले. मला ते लई आवडलं होतं. तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यात माझ्या चुलीसाठी कोणी रांग लावली न्हवती.

तुम्हाला आठवतं का, माप घ्यायला तुम्ही आल्तात तेव्हा टेप काढली अन् मी म्हणले, टेप राहू द्या, मी मधी उभी राहते, माझे दोन्ही हात पोचले पाहिजेत, त्याच्या पलीकडं एक बोट जागा सोडू नका. तुम्ही हसलात. म्हणलात, ताई, घरात अजून कोणी करणारं आहे का, सासूबाई, जाऊबाई, कोणी खाली बसून भाजी निवडणारं? मी म्हणले, खाली कोण बसतंय आता. तेव्हा खरं म्हणजे… द्या, तो स्क्रू द्या इकडं, मी वाटीत टाकते, हरवायचा.

आष्टीला आमची चूल म्हणजे ही मोठी, मागच्या पडवीत. गॅस होता, न्हाई असं न्हाई, पण भाकरी अन् वरण चुलीवरच. मी नवीन नवरी असल्यापासून रोज सकाळी चुलीपुढं बसायचे. जाळ घालायचे, परात पुढं ओढायचे, पीठ मळायचे, पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली न टाकली की आक्का यायच्या. दारातून म्हणायच्या, ऊठ गं वंदे, मी बघते. रागानं न्हाई हां, बिलकुल राग न्हाई. शिवी न्हाई, टोमणा न्हाई. नुसतं — ऊठ, मी बघते. अन् मी उठायचे. माझ्या बुडाखालचा पाट गरम असायचा, त्याच्यावर त्या बसायच्या. मी घागरी भरायचे, झाडायचे, घरातल्या लेकरांचं बघायचे. जेवायला बसलं की पाहुणे म्हणायचे, नंदाबाईच्या हातची भाकरी म्हणजे — अन् मी वाढून राह्यले. इतकी वर्षं मी त्या घरात राह्यले पण माझ्या हातची भाकरी कशी होती ते आमच्या ह्यांना बी ठाऊक नव्हतं. बाहेरच्याला हे सांगितलं तर म्हणंल, वा, कामातून सूट मिळाली, रडती कशाला. पण रोज बसायचं अन् रोज उठायचं, मुजाहिदभाई. तुम्ही रंधा मारायला घेतला अन् दुसऱ्यानं येऊन रोज हातातनं काढून घेतला तर? — हां. कळलं तुम्हाला. म्हणून तो नवस. माझ्या चुलीपाशी बसलेल्याला मी ऊठ म्हणणार न्हाई. मला वाटलं, मी लई मोठं मागणं मागितलं अन् लई मोठं वचन दिलं.

मंग ह्यांना इथं बियाण्याच्या कंपनीत गोदामावर काम लागलं, आम्ही आलो. भांडण न्हाई, तंटा न्हाई. आक्कांनीच पिठाचा डबा भरून दिला, उंबऱ्यापर्यंत आल्या, डोळ्याला पदर लावला. आधी भाड्यानं राह्यलो, मंग ह्या दोन खोल्या झाल्या. अन् किचन करायचं ठरलं तेव्हा हा कोपरा असा मोकळा होता. पाट टाकून, भिंतीला टेकून एक बाई आरामात बसंल, एवढा. मी रोज त्याच्याकडं बघायचे अन् मला तिथं आक्का दिसायच्या. एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला — गुडघे धरलेत त्यांचे — अन् ओट्यापाशी उभ्या असलेल्या मला म्हणून राह्यल्या, सरक गं वंदे, मी बघते. सुट्टीला येणारच की त्या. दवाखान्याला येणार, लग्नाला येणार. आल्या की त्या इथंच बसणार, दुसरीकडं त्यांना बसताच येत न्हाई. अन् एकदा बसल्या की मला नवसाचं बंधन. ऊठ म्हणता येत न्हाई.

तर मी काय केलं — हे मी कोणाला बोलले न्हाई — मी म्हणले, बसलेल्याला उठवायचं न्हाई ना, मंग बसायला जागाच ठेवू नये. नवस बी राहतो अन् चूल बी राहते. तुम्हाला म्हणले, इथं उंच कपाट करा. तुम्ही केलं. तरी खाली पाटापुरती फरशी उरत होती, तर मी म्हणले, इथं देवाचा चौथरा पुढं काढा, देव पूर्वेला तोंड करून बसंल. तुम्ही म्हणलात, ताई, चौथरा पायात येईल, भिंतीवर लावू. मी तुम्हाला शास्त्र सांगितलं. कुठलं शास्त्र? कशाचं शास्त्र. मला ठाऊक होतं, देव असला की आक्का तिथं पाय लांब करून बसणार न्हाईत. पायरीशी बी बसणार न्हाईत. मी देवाला तिथं पूजेसाठी न्हाई बसवलं, पहाऱ्याला बसवलं. अन् रोज त्याच्यापुढं हात जोडून म्हणायचे, बाप्पा, सगळ्यांचं भलं कर.

— न्हाई, रडत न्हाई मी, ह्या प्लायवूडच्या भुशानं डोळे चुरचुरतात. तुम्ही ओढा. जोर लावा, मागं ट्रॉलीचं चॅनल अडकलंय बघा, उजव्या बाजूला. तोडू नका, उघडता आलं तर उघडा, तुमच्याच हातचं आहे. हां. असं.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आक्कांचं, इथंच जालन्यात. तेव्हा आल्त्या. डोळ्याला हिरवी पट्टी. मला म्हणल्या, वंदे, लई झकास केलंस गं घर, अन् दारातूनच किचनमधी एका डोळ्यानं बघून राह्यल्या. आत आल्या तर मला बाहेर निघावं लागलं. बसायला जागा शोधली त्यांनी, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कपाट, चौथरा, ओटा. मंग बाहेर जाऊन बसल्या सोफ्यावर, टीव्हीपुढं. टीव्ही बघायचा न्हाई म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. नुसत्या बसल्या, हात मांडीत. त्या बाईचे हात मी कधी मोकळे बघितले न्हवते, मुजाहिदभाई. लग्नात बी काहीतरी निवडत असायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापून राह्यले, तर मागं काहीतरी हाललं. बघते तर आक्का उंबऱ्यावर बसलेल्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. पदरात मेथीची जुडी, एका डोळ्यानं निवडून राह्यल्या. सरक न्हाई, ऊठ न्हाई, मी बघते बी न्हाई. नुसती मेथी निवडत होत्या. अन् मी — माझा हात पिठात — मी मान वळवून म्हणले, आक्का, उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मीची जागा असती ती.

— हो. म्हणले मी तसं. गोड आवाजात म्हणले. माझा आवाज नेहमीच गोड असतो, कॉलनीत विचारा कोणाला बी.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, पट्टीच्या बाजूनं भिंत दिसत न्हाई तर चाचपून. म्हणल्या, खरंय गं, माझ्या ध्यानातच न्हाई आलं. मेथी ओट्यावर ठेवली. अन् दुपारी ह्यांना म्हणल्या, मला गाडीत बसवून द्या, घरी जाते, म्हशीचं कोण बघंल. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत इथंच राहायला सांगितलेलं. धूर न्हाई, धूळ न्हाई, थेंब वेळच्या वेळी. हे म्हणले, वैनी, ऐका जरा. ऐकतात कशाला. ह्यांना आज बी वाटतं, वैनी हट्टी आहेत. मी ह्यांना सांगितलंच न्हाई की उंबऱ्यावर काय झालं. काय सांगणार, मी तर धर्माचंच बोलले होते. अन् खरं सांगू का, त्या गेल्या ना, तर मी दार लोटलं, चहा ठेवला, एकटी इथं उभी राहून प्यायले अन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. तो चहा आठवला की आता तोंडात कडू होतंय.

पुढचं बी ऐका मंग, एवढं ऐकलंच आहे तर. तिकडं गेल्या अन् चुलीपुढं बसल्या. कोण रोखणार. ऑपरेशनचा डोळा अन् धूर. मागल्या मंगळवारी अंगारकी होती. मी पहाटे अंघोळ करून, उपास धरून, निघायच्या तयारीत — पायात चप्पल न्हाई, दारात उभी — अन् फोन वाजला. आक्का स्वतः. त्या फोन करत न्हाईत कधी, त्यांना नंबर लावता येत न्हाई, कोणाकडून तरी लावून घेतला असंल. म्हणल्या, वंदे, डोळा लाल झालाय गं, ठणकून राह्यला. येऊ का तिकडं? — येऊ का, असं विचारलं हो त्यांनी. मला. अन् मी म्हणले, आक्का, आज अंगारकी आहे, मी राजूरला निघाले, उद्या बघू. त्या म्हणल्या, हो हो, जा तू, नवस मोडू नको. अन् मी गेले. पायी. डांबर तापलेलं, पायाला फोड आले, लोक पाणी देऊन राह्यले, माउली म्हणून पाया पडून राह्यले, अन् तिकडं एका बाईचा डोळा पिकत होता. देवळात पोचले, हात जोडले, मला वाटलं आता मन भरून येईल. काहीच आलं न्हाई. मूर्तीकडं बघितलं तर मूर्ती नुसती बघून राह्यली. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले, मी फोन केला न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींचाच ह्यांना आला — परतूरच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणले आत जंतू झालेत, जल्दी जालन्याला न्या, औषधं लागू पडली तर नजर राहील. न्हाई तर… न्हाई तर न्हाई. अन् भाऊजी म्हणले, नंदा म्हणून राह्यली वंदनाकडं नको, तिथं जागा न्हाई, दवाखान्यासमोर लॉजवर खोली बघ. हे मला म्हणले, बघ, किती परकं करतात वैनी. लॉजवर कोण रोज वेळच्या वेळी थेंब घालणार. भाऊजींचा तर हात थरथरतो, त्यांना चहाची बशी धरवत न्हाई.

दवाखान्यात पहिल्यांदा नेलं होतं ना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलेलं, मावशी, चुलीपुढं किती वर्षं? आक्का म्हणल्या, लग्न झाल्यापासून, सकाळ-संध्याकाळ. मी शेजारीच उभी होते. तेव्हा काही डोक्यात शिरलं न्हाई. काल रात्रीपासून तेच घुमून राह्यलंय. रोज ज्या पाटावरनं मी उठायचे, त्या पाटापुढं धूर असायचा, मुजाहिदभाई. मी बाहेर मोकळ्या हवेत घागरी भरत होते अन् रुसत होते. त्यांनी मला वाचवायला उठवलं का स्वतःचा मान राखायला उठवलं, ते त्यांनाच ठाऊक, दोन्ही असंल, माणसाचं एकच कारण कुठं असतं. पण धूर त्यांनी खाल्ला, एवढं खरं. माझे डोळे बघा. सुईत दोरा ओवते मी अजून बिनचष्म्याची.

निघालं का? निघालं. अगं बाई… बघा, किती जागा आहे मागं. भिंतीला तुमच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत. आता चौथरा. थांबा, देव मी उचलते, तुम्हाला हात लावायला नको असं न्हाई हो, पण मीच बसवला तर मीच उठवते, त्याची माफी मी मागते. बाप्पा, चल वर. हे फळकूट तिथं खिडकीशेजारी ठोका, डोक्याच्या उंचीवर, तिथं बसंल तो, पहाऱ्याचं काम संपलं त्याचं. अन् हे डबे? राहू द्या दिवाणाखाली. खोक्यात राहतील. चार मला लागतात, बाकीचे नुसते लोकांना दाखवायलाच होते. चौथऱ्याचा हा संगमरवर तुम्ही घेऊन जा, कुठं लागला तर लावा.

फोन. ह्यांचाच आहे. — हां बोला. आली का गाडी? — उतरल्या? — मंग इकडं आणा ना. — काय म्हणतात? — अहो पण मी जागा केलीये म्हणावं. — न्हाई पटत का. — थांबा, तुम्ही फोन ठेवू नका, त्यांना द्या. द्या त्यांच्या हातात. न्हाई, तुम्ही ऐकलं तरी चालंल, मोठा आवाज करा, भाऊजींना बी ऐकू द्या. — आक्का. मी वंदना. — आक्का, मी तुम्हाला उंबऱ्यावरनं उठवलं होतं. लक्ष्मीबिक्ष्मी काही न्हाई, मला तुम्ही तिथं नको होतात, म्हणून उठवलं. अंगारकीला बी तुमचा फोन आला तेव्हा मी जायचं सोडून थांबू शकले असते. — आक्का? — कोपरा मोकळा केलाय, भिंतीला टेकून बसता येतं, पाय लांब करता येतो. या. बघायला तरी या. — हं. — हं. — हो आहे ना. आहे.

ठेवला त्यांनी.

काय म्हणल्या म्हणजे… मागं कंडक्टर ओरडून राह्यला होता, तेच ऐकत होते मी. मंग म्हणल्या, वंदे, घरात विळी तरी आहे का, का ती बी टाकून दिलीस. मी म्हणले आहे. रिक्षावाल्याला कुठं जायचं ते सांगून राह्यल्या होत्या, नीट ऐकू आलं न्हाई, पण लॉजवर जाणारी बाई विळी कशाला विचारील, सांगा बरं मला. न्हाई ना विचारणार? येतील. मला वाटतं येतील. डोळा बी राहील, मी थेंब घालीन, घड्याळ लावून घालीन, डॉक्टर म्हणलेत ना, लागू पडली तर म्हणून. विळी माळ्यावर आहे, मागं, पत्र्याच्या डब्यामागं. तुमचा हात पोचतो, तेवढी काढून द्या. धार बघून, जपून. मी फरशी पुसून घेते, भुसा डोळ्यात जायला नको त्यांच्या.

अन् मंग तुम्ही निघा, मुजाहिदभाई. ते यायच्या आत निघा, ही तोडफोड पाहुण्यांपुढं नको. चहा उद्या पाजते. पण एक मागणं आहे. मी आज बाप्पाला म्हणले, ह्या कोपऱ्यात आता काही ठेवणार न्हाई, रिकामा राह्यला तरी रिकामा ठेवीन. तसं तुम्ही बी तुमच्या अल्लाला म्हणा. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी माप घ्यायला जाल, ती बाई मधी उभी राहील, म्हणंल एक बोट जागा सोडू नका, खाली कोण बसतंय आता. तिच्याशी वाद घालू नका, तिची बी काही कारणं असतील. फक्त एका भिंतीला एक पाट बसंल एवढी फरशी सोडा, तिनं न्हाई म्हणलं तरी सोडा, माप चुकलं म्हणा. तेवढं करा.